निल लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या

माझ्या बायकोला काहीही झालेलं नाही, असं मी माझ्या हाताने लिहून दिलं. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळची चिठ्ठी मी चार पुरुषांसमोर ठेवली आणि त्या चिठ्ठीवरून ती लबाड ठरली. चिठ्ठीतला एकही शब्द खोटा नव्हता. ही गोष्ट मी बरीच वर्षं स्वतःच्या बचावासाठी वापरली. आता पन्नाशीला टेकलो आहे, आणि तोच बचाव मला सगळ्यात जास्त लाजवतो.

आमचं गाव पुणतांब्यापासून दोन कोसांवर. मी रोज सायकलने आणि पुढे एस.टी.ने तालुक्याच्या गावी जात असे. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात, जिन्याखालच्या जागेत, माझी तपासणीची खोली होती. खिडकीजवळ मायक्रोस्कोप, त्याखाली उजेड पकडायचा आरसा, एक स्पिरिटचा दिवा, आणि हाताने गरगर फिरवायचं एक यंत्र. लोक पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत लघवी घेऊन यायचे, वर कागदाचा बोळा. ती यंत्रात फिरवून तळाशी बसलेला साका काचेवर घ्यायचा, पाहायचा, छापील चिठ्ठीवर लिहायचं. पू, रक्त, साखर, जंतू. नसेल तिथे ‘निल’. लोक मला कंपाउंडर म्हणत, तेव्हा मला राग यायचा. मी काचेतून बघणारा माणूस होतो. जे आहे ते मला दिसतं, अशी माझी पक्की समजूत होती.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमचं लग्न झालं. ती संगमनेरकडची, शिकलेली, आमच्याच गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. शाळेत दोन खोल्या, एक हेडमास्तर आणि ही. मुतारी नव्हती. हेडमास्तर भिंतीमागे जायचे. बाईंनी कुठे जायचं, हा प्रश्न शाळा बांधणाऱ्या कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. घरून निघाल्यापासून साडेपाचपर्यंत ती लघवी धरून ठेवायची, आणि धरावी लागू नये म्हणून पाणीच प्यायची नाही. दुष्काळात तर घरातही पाणी बेतानेच होतं. हे आसपासच्या गावांतल्या सगळ्या शिक्षिका करत होत्या, त्यामुळे ते कुणाला गैर वाटत नव्हतं. मलाही नाही.

वर्षभरात तिला ओटीपोटात दुखू लागलं. दुखण्याची रीत ठरलेली होती. लघवीची पिशवी भरत आली की आतून कुणीतरी तापलेली सळई दाबून धरावी तसं व्हायचं. लघवी केली की सुटका, पण ती घटकाभराची. पुन्हा जायचं. चिंचेची आमटी खाल्ली की जास्त, चहा घेतला की जास्त. पाळीच्या आधीच्या चार दिवसांत तर ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची. आता शाळेतही धरवेना, मधेच उठून बाभळीआड जावं लागे. हेडमास्तर पोरांसमोर म्हणाले, “बाई, तुमचा वर्ग आत भरतो की बाभळीखाली?” पोरं हसली. तिने मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “मग जरा मन घट्ट कर ना.”

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

पहिल्यांदा ती म्हणाली म्हणून बाटली घेऊन गेलो. सगळं निल. तरी आमच्या डॉक्टरांनी जंतू मारायच्या सल्फाच्या गोळ्या दिल्या. फरक पडला नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बाटली. या वेळी मी तीन काचा पाहिल्या, मान आखडेपर्यंत. पुन्हा निल. डॉक्टर चिठ्ठी वाचून हसले. “अरे, तुझ्याच हातचा रिपोर्ट आहे. रिकामं मन असं काहीतरी शोधतं. एक मूल होऊ दे, लघवीचं नावसुद्धा काढणार नाही.” मला त्यांचं म्हणणं पटलं. खरं तर बरं वाटलं. आजार असता तर मला काहीतरी करावं लागलं असतं. मनाचा खेळ असेल तर करायचं तिने होतं.

आम्ही ख्रिस्ती. गावात आमच्या मंडळीचं लहानसं दगडी देऊळ आहे. बायका डावीकडे सतरंजीवर, पुरुष उजवीकडे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी मेज मांडलं की देवळाचं दार आतून लावून घ्यायची आमच्याकडे पद्धत होती. ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल किंवा न सांगितलेलं पाप असेल, त्याने दार लागण्याआधी उठून जावं, म्हणून. एकदा दार लागलं की शेवटच्या गीतापर्यंत कुणी हलायचं नाही. लहान लेकरं आधीच बाहेर काढत.

अशाच एका रविवारी दार लागलं होतं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, भाकर मोडायला घेतली आणि माझी बायको उठली. सगळ्या बायकांच्या पायांवरून वाट काढत दारापाशी गेली. कडी जड होती. ती काढताना झालेला आवाज मला आजही ऐकू येतो. पाळकसाहेबांचे हात तसेच थांबले. उजेडाचा पट्टा आत आला, दार पुन्हा लागलं, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पुढच्या वेळीही तेच झालं. प्रभूच्या मेजावरून दोनदा उठून गेलेल्या बाईच्या पोटात काय असेल, यावर गावात बोलायला सुरुवात झाली. पोटात खरोखरच काहीतरी आहे, एवढंच कुणाला सुचलं नाही.

मग पाळकसाहेब आणि मंडळीचे तीन पंच आमच्या ओट्यावर आले. ती दारात उभी राहिली. माझी आई आत ज्वारी पाखडत होती.

“बाई, आमी काय परके न्हाई,” थोरले पंच म्हणाले. “घरात काई वाद हाय का?”

“नाही.”

“मग देवाच्या मेजावरनं का उठता?”

“मला बाहेर जावं लागतं.”

“बाहेर म्हंजी कुठं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. चार पुरुषांसमोर तिने तो शब्द उच्चारायचा, की नवऱ्याने तिच्या वतीने सांगायचं? सांगायचं मीच होतं. मी आत गेलो, आदल्याच आठवड्यात लिहिलेली तिसरी चिठ्ठी आणली आणि पाळकसाहेबांच्या हातात दिली. वाद मिटेल, घराण्यावरचा संशय जाईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. नीट विचार केला तर एवढंच होतं, की मी त्यांच्या बाजूला बसलो होतो आणि मला तिथेच राहायचं होतं.

पाळकसाहेबांनी मोठ्याने वाचलं. “पू निल. रक्त निल. साखर निल. जंतू निल.” मग चष्मा काढला. “म्हणजे शरीराचं काही नाही.”

“नाही,” मी म्हणालो.

“शाळंत तासाला घंटा झाली की उठायची सवय लागलीय जनू,” दुसरे पंच म्हणाले. सगळे हसले. मीसुद्धा थोडा हसलो.

तिच्या मनात काय आहे ते ती सांगेपर्यंत तिने प्रभुभोजनाला बसू नये, आणि रविवारी ती लेकरांची जी शब्बाथशाळा घ्यायची ती दुसऱ्या कुणाकडे द्यावी, असं ठरलं. मुलांना गाणी शिकवणं ही तिच्या आठवड्यातली एकमेव आनंदाची गोष्ट होती. ती आत गेली आणि मागच्या दाराने परसात गेली. तिला जायचं होतं. ते चौघं चहा पीत असताना ती परसात जाऊन आली, आणि पुन्हा गेली.

याच थोरल्या पंचांची लघवी आदल्या वर्षी अडली होती. म्हातारपणी पुरुषांना होतं ते. तेव्हा गावात किती धावपळ! कारखान्याची जीप मिळवली, चार माणसं बरोबर गेली, देवळात त्यांच्यासाठी खास प्रार्थना झाली आणि पाळकसाहेबांनी ‘लघवी’ हा शब्द वेदीसमोर उभं राहून स्वच्छ उच्चारला. पुरुषाची लघवी अडली तर तो आजार. बाईला पुन्हा पुन्हा लागली तर ते पाप, नाहीतर नखरा. हा फरक कुठल्या ग्रंथात लिहिला आहे? मी तेव्हा विचारायला हवं होतं. आज विचारतो आहे, आणि ज्यांना विचारायचं ते सगळे मातीआड गेले.

ते गेल्यावर आई बाहेर आली. हातात सूप तसंच.

“तुझ्या काचंत दिसलं न्हाई म्हून न्हाईच व्हय?”

“आई, तुला यातलं कळत नाही.”

“रातीला पाच-पाच बाऱ्या उठती ती. मी जागीच असते. सोंग करनारी बाई दिवसा करंल, समद्यांनी बघावं म्हून. आंधारात, कुनी बघत नसताना कुनासाठी करंल रं?”

 मी त्याच खोलीत झोपत होतो आणि मला हे दिसलं नव्हतं. आईने सूप खाली ठेवलं. “तुला कळतं ना? मग बरी कर तिला. न्हाईतर मी नेते नगरला.”

आणि तिने खरंच नेलं. मी रजा मिळत नाही म्हणालो. दोघी एस.टी.ने गेल्या. त्या प्रवासाची हकिगत मला बायकोने फार नंतर सांगितली. वाटेत तीन वेळा गाडी थांबवावी लागली, आणि तिन्ही वेळा आईने आपल्यावर घेतलं. “थांबीव बाबा, म्हातारीला जायचंय,” म्हणून ओरडायची आणि सुनेला आधाराला म्हणून हाताला धरून खाली उतरवायची. तिसऱ्या वेळी कंडक्टर म्हणाला, “आजी, नगर यायच्या आत तुमची गोदावरी आटंल.” आई म्हणाली, “आटंल तवा आटंल, तू बेल मार.” अख्खी गाडी आईला हसली. माझ्या बायकोला कुणी हसलं नाही. जे मी चार माणसांसमोर करू शकलो नाही, ते माझ्या अंगठाबहाद्दर आईने भरल्या गाडीत तीनदा केलं.

नगरच्या दवाखान्यात एक बाई सर्जन होत्या. त्यांनी गुंगी देऊन नळीतून पिशवीच्या आत पाहिलं आणि मला बोलावणं धाडलं. मी तिन्ही चिठ्ठ्या खिशात घालून गेलो. का, कोण जाणे. बहुधा मी बरोबर होतो हे दाखवायला.

त्यांनी त्या पाहिल्या. “तपासणी चांगली केलीत,” त्या म्हणाल्या. “पण हा रिपोर्ट लघवीचा आहे. पिशवीचा कुठे आहे?”

मी त्या परत घेऊन खिशात ठेवल्या.

“लघवी स्वच्छच असते यात. रोग पाण्यात नाही, भिंतीत आहे.” मग त्यांनी कागदावर एक फुगा काढला. पिशवीला आतून एक बुळबुळीत अस्तर असतं. लघवीतले क्षार आणि आम्ल भिंतीला लागू नयेत म्हणून ते असतं. माझ्या बायकोच्या पिशवीत ते जागोजाग विरलं असावं. पाणी भरून पिशवी ताणली आणि पाणी सोडलं, तेव्हा भिंतीवर टाचणीने टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके उमटले, आणि एका जागी तर लाल चट्टा उकलला. “रोज, दर तासाला, उघड्या जखमेवर मिठाचं पाणी,” त्या म्हणाल्या. “तिने किती सहन केलंय याची कल्पना आहे तुम्हाला?”

मला कल्पना असायला हवी होती. पिशवीची नसेल, पाटाची तरी. आमचं तीन एकराचं रान पाटाच्या कडेला होतं. पाटाला आतून पक्कं अस्तर नव्हतं. पाणी वर्षानुवर्षं झिरपत राहिलं, जमिनीतले क्षार वर आले, आणि काळं रान चोपण झालं, पांढरी पापुद्री धरून बसलं. वडलांनी तक्रार केली तेव्हा एक साहेब बाटली घेऊन आला, पाटाचं पाणी भरून नेलं आणि लिहून पाठवलं की पाणी उत्तम आहे. वडील कागद हातात घेऊन ओरडले होते, “पान्याला कोन काय म्हनतंय? माझं रान बघ की येऊन!” मी तेव्हा शाळेत होतो. त्या साहेबाचा मला इतका संताप आला होता की तो आयुष्यभर पुरेल असं वाटलं. आणि मोठा होऊन मी तोच साहेब झालो. बाटली भरली, पाणी उत्तम म्हणून लिहून दिलं, आणि रान बघायला गेलो नाही.

पुढच्या वर्षांत मी या रोगाविषयी मिळेल ते वाचलं, भेटेल त्या डॉक्टरला विचारलं. प्रायश्चित्त म्हणून नव्हे. राग आला होता म्हणून. मला एवढं कळलं, की अस्तर नेमकं का जातं हे खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. कुणाला आधी जंतूंची बाधा होऊन गेलेली असते, जंतू जातात आणि भिंत सावरत नाही. कुणाच्या शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच भिंतीवर उलटते, असंही काही म्हणतात. अंगावर पित्त उठतं तेव्हा त्वचेत ज्या पेशी फुटून आग करतात, त्याच पेशी काही जणींच्या पिशवीच्या भिंतीत दाटलेल्या सापडतात. आणि मज्जातंतू. ते एकदा चाळवले की थोडंसं भरलेलंही त्यांना काठोकाठ वाटतं. मग मणक्यातला मज्जारज्जूही तो ओरडा खरा मानतो, आणि जखम थोडी सावरली तरी दुखणं थांबत नाही. दुखतं म्हणून खालचे स्नायू आवळून धरले जातात आणि त्या आवळण्यानेच पुन्हा दुखतं. कदाचित हा एक रोग नसेलही, चार रोग एका नावाखाली असतील.

शाळेत लघवी धरून ठेवल्याने आणि तहानलेलं राहिल्याने हे झालं का, हेही मी विचारलं. “तसं म्हणता येत नाही,” नगरच्या बाई म्हणाल्या. “पण पाणी न पिता घट्ट झालेली लघवी अशा भिंतीवर काय करत असेल, ते तुम्हीच सांगा.” मनाचं आहे का, हेही विचारलं. त्या वेळी त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. “दोन वर्षं झोप नाही, कुणाचा विश्वास नाही. मन चांगलं कसं राहील? आधी काय झालं आणि नंतर काय झालं, एवढं तरी बघा.”

ताणण्याच्या त्या उपचाराने आणि पुढे नळीतून पिशवी धुण्याच्या औषधाने तिचं दुखणं निम्म्यावर आलं. गेलं नाही, अजूनही नाही. पण रात्री दोनदाच उठू लागली. चिंच बंद, चहा बंद, पाणी थोडं थोडं करून दिवसभर. शाळेच्या मागे तट्ट्याचा आडोसा मी स्वतः उभा केला. हेडमास्तर म्हणाले, “वा, बाईंसाठी महाल!” मी हातातली कुदळ खाली न ठेवता त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते आत गेले.

नगरहून परतल्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाच्या रविवारी मी नगरच्या बाईंनी दिलेला कागद घेऊन देवळात गेलो. दार लावायला मंडळीतला एक मुलगा उठला तेव्हा मी म्हणालो, “थांबा.” आणि उभा राहून तो कागद वाचून दाखवला. ठिपके, चट्टा, रक्त, सगळं. लघवी हा शब्द मी मुद्दाम चार वेळा उच्चारला. बायकांनी पदर तोंडाला लावले. “ती पापाने उठली नव्हती,” मी म्हणालो. “तिला उठवणारं दुखणं या कागदात आहे. तुम्ही तिला मेजावरून उठवलंत.” सांगायला हरकत नाही, मला स्वतःविषयी फार चांगलं वाटत होतं.

थोरले पंच उठले. मग म्हणाले, “दार उगडंच राहू द्या.” पाळकसाहेबांनी मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या देवळाचं दार प्रभुभोजनाला लागत नाही. ती दाराशेजारी बसली, तिने भाकर घेतली, प्याला घेतला. मधे एकदा बाहेर जाऊन आली. कुणी मान वळवली नाही. शब्बाथशाळाही तिला परत मिळाली.

घरी परतताना आई बायकांबरोबर पुढे गेली होती. आम्ही दोघं पाटाच्या कडेने चाललो होतो. मी वाट पाहत होतो, ती काहीतरी बोलेल म्हणून. निम्म्या वाटेवर ती बोलली.

“अहो, एक विचारू?”

“विचार ना.”

“हा कागद आला नसता तर?”

मला लगेच कळलं नाही.

“नगरच्या बाईंना आत काही दिसलंच नसतं तर? त्या म्हणाल्या मला, काही जणींच्या पिशवीत काहीच दिसत नाही, तरी तेवढंच दुखतं. माझं तसं असतं तर आज तुम्ही उभे राहिला असता?” ती थांबली. “तेव्हाही तुम्ही कागद दाखवलात, आजही कागदच. मी सांगत होते, ते कुठे गेलं?”

एवढं म्हणून ती पाटाखालच्या ज्वारीत शिरली. तिला जायचं होतं. पूर्वी अशा वेळी मी दहा पावलं पुढे जाऊन उभा राहायचो, कुणी पाहिलं तर आमचा संबंध नाही असं वाटावं म्हणून. त्या दिवशी मी तिथेच, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. एक सायकलवाला आला, “काय कंपाउंडर, हितं कुनाची राखन?” म्हणाला. “बायको आत गेलीय,” मी सांगितलं. तो गप्प पुढे गेला.

देवळात मी मंडळीला दोष दिला होता. पंचांना दिला होता. माझ्या चिठ्ठ्यांविषयी एक शब्द बोललो नव्हतो. त्या तिन्ही अजून खिशात होत्या, नगरहून आणल्यापासून.

ती ज्वारीतून बाहेर आली, पदर नीट केला. मी म्हणालो, “तू सांगितलंस तेव्हाच मला पुरे व्हायला हवं होतं. कागद नसता तरी. आत काही दिसलं नसतं तरी. मी तुझं ऐकलं नाही, आणि त्या लोकांत बसून तुला हसलो. माझं चुकलं. मला माफ कर.”